कोकणची सहल, डान्स मशीन आणि पोटऱ्यांचा हिशेब

ठाण्याहून निघून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यापर्यंत जायचं, हाताशी दिवाळीच्या सुट्टीचे शेवटचे दहा दिवस, गाडीत तुम्ही, मिस्टर, तेरा वर्षांची लेक, आठ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. लेकीला मॉलमधल्या डान्स मशीनचं (पडद्यावर बाण येतील तसे पायाखालच्या चौकोनांवर, म्हणजे पॅनेलवर, ठोक्याला पाय टाकायचे, त्या खेळाचं) वेड लागलंय आणि वाटेत जिथे जिथे मशीन असेल तिथे थांबायचं, ही तिची अट. हे जमेल का आणि कसं, आणि सासूबाईंनाही खेळता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

जमेल, पण तिच्या मनात आहे तसं नाही. वाशी-सीवूड्सचे मॉल मागे पडले की गोव्यात पर्वरीला पोहोचेपर्यंत मशीन मिळेल हे धरून चालू नका. गेम झोनमधली यंत्रं दुरुस्त करणं हा माझा बऱ्याच वर्षांचा धंदा, आणि गाव गुहागर तालुक्यात, त्यामुळे हा रस्ता आणि ही यंत्रं दोन्ही ओळखीची आहेत. डान्स मशीनचं वजन काही शे किलो असतं. त्याला एसी लागतो, कोरडी हवा लागते आणि वर्षभर येणारं गिऱ्हाईक लागतं. किनाऱ्यावरची गर्दी शनिवार-रविवारची आणि सुट्ट्यांची, आणि खाऱ्या हवेत पॅनेलखालच्या जोडण्या बघता बघता गंजतात. तेव्हा तिथे असं मशीन कोण ठेवणार? रत्नागिरी-चिपळूणला एखादा गेम झोन दिसलाच आणि आत मशीन चालू निघालं तर वरकमाई समजा. त्याच्या भरवशावर मुक्काम मात्र ठरवू नका.

म्हणून सहलीच्या दोन टोकांना मशीन आणि मधल्या मुक्कामांवर आपली स्वतःची नाचायची चटई, असा बेत करा. आणि वेळापत्रक आखताना मशीनपेक्षा दोन गोष्टींना मान द्या, एक जेट्टीच्या, म्हणजे गाडीसकट खाडी पार करून देणाऱ्या फेरीबोटीच्या, वेळा आणि दुसऱ्या पोटऱ्या. खेळणाऱ्यांच्या पोटऱ्या तर झाल्याच, पण गाडी चालवणाऱ्याच्या जास्त.

आधी चटईबद्दल, कारण पैसे तिथे फुकट जातात. या खेळाची दोन मोठी घराणी आहेत. जपानच्या कोनामीचं डान्स डान्स रेव्होल्यूशन १९९८ मध्ये आलं. त्यात चार बाण, डावा, उजवा, पुढचा, मागचा, आणि मधला चौकोन नुसता उभं राहायला. दुसऱ्या वर्षी, १९९९ मध्ये, दक्षिण कोरियाच्या अँडामिरोने पंप इट अप आणलं. त्यात पाच पॅनेल, चार कोपऱ्यांत चार आणि पाचवं मधोमध. दिसायला भाऊ-भाऊ, पण पायांना दोन्ही सारखी नाहीत. चार बाणांवर तयार झालेला पाय पाच पॅनेलवर गेला की चाचपडतो, कारण इथे मधे उभं राहणं हाही एक ठोका असतो. आपल्याकडच्या मॉलमध्ये मला तरी पाच पॅनेलवालीच जास्त भेटली. तुमची लेक कुठल्या यंत्रावर शिकली हे आधी नीट बघा. फोटो काढून आणायला सांगा आणि मगच चटई घ्या.

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त गुंडाळायच्या चटया बहुतेक चार बाणांच्या असतात. कोपऱ्यांत गोल, फुली, त्रिकोण, चौकोन अशी बटणं असतात, ती चालतात. पण मधला चौकोन बहुतेक चटयांत नुसतं चित्र असतं, त्याखाली काहीच नसतं. लेक पाच पॅनेलवाली असेल तर ही चटई तिच्या उपयोगाची नाही. विकणाऱ्याला सरळ विचारा, मधल्या चौकोनाला बटण आहे का. दुसरी परीक्षा डाव्या-उजव्या उडीची. काही चटयांमध्ये, विशेषतः जुन्या गेम कन्सोलच्या चटईला यूएसबी अडॅप्टर लावलेला असेल तर, डावा आणि उजवा बाण एकाच वेळी दाबला की दोघं एकमेकांना खोडतात आणि संगणकाला काहीच कळत नाही. मुलीला वाटतं आपलीच उडी चुकली. घरी आल्याआल्या दोन्ही पाय एकदम टाकून बघा, आणि नोंद होत नसेल तर त्याच दिवशी परत करा.

धातूच्या चौकटीची जड चटई खेळायला केव्हाही उत्तम, पण पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा भरल्यावर डिकीत तिला जागा कुठली? मऊ चटईच घ्या, आणि तिला पाया द्या. सुताराकडून तीन बाय तीन फुटांची बारा एमएमची प्लाय मधोमध कापून दोन बिजागऱ्या लावून घ्या. मिटली की सीटच्या मागे उभी राहते. उघडून त्यावर चटई वेलक्रोने घट्ट बसवा आणि खाली सतरंजी घाला. नुसती चटई टाइल्सवर टाकलीत तर तिसऱ्या गाण्याला ती पायाखालून पुढे सरकलेली असते, आणि घोटे मुरगळतात ते असेच.

संगणकावर स्टेपमेनिया टाका. २००१ पासूनचा फुकट, मुक्त प्रणालीचा खेळ आहे. साधा जुना लॅपटॉप पुरतो, आणि चार बाण आणि पाच पॅनेल दोन्ही पद्धती त्यात आहेत. गाणी आणि त्यांच्या पावलांच्या फाइली घरूनच भरून न्या, कारण किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत मोबाइलची रेंज समुद्राच्या भरती-ओहोटीसारखी येते-जाते.

आता आवाज. लोक हौसेने ब्लूटूथ स्पीकर घेऊन येतात आणि मग म्हणतात, खेळ नीट चालत नाही. ब्लूटूथवर आवाज मागाहून पोहोचतो, साधारण शंभर ते दोनशे मिलिसेकंद उशिरा. स्टेपमेनियात नेहमीच्या मापाने सगळ्यात वरचा शेरा मिळायला पाऊल ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे साडेबावीस मिलिसेकंदांत पडावं लागतं. त्याखालच्या शेऱ्याला पंचेचाळीस. म्हणजे कानाला जो ठोका ऐकू येतोय तो निघून जाऊन बराच वेळ झालेला असतो. गाण्याबरोबर नाचलं तर चूक, पडद्याबरोबर नाचलं तर कान बोंबलतो. वायरचा स्पीकर न्या, साधा, साडेतीन एमएमच्या पिनचा. होमस्टेच्या टीव्हीला लॅपटॉप जोडणार असाल तर एचडीएमआय केबल घरून न्या आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर तो लावा, नाहीतर चित्रही मागे पडतं. तरीही थोडा फरक उरला तर खेळताना एफ-६ दाबून यंत्राचा मेळ आपोआप लावून घेता येतो. त्यात गाण्याचा मेळ आणि यंत्राचा मेळ असे वेगळे पर्याय येतात, यंत्राचाच निवडा. गाण्याचा निवडलात तर चांगली लावलेली फाइल बिघडून बसते.

होमस्टे ठरवताना खोलीतून समुद्र दिसतो का हे सगळेच विचारतात. तुम्ही त्याच्या जोडीला विचारा, तळमजल्याची खोली किंवा प्लग असलेली पडवी मिळेल का, आणि संध्याकाळी तासभर धपधप आवाज झालेला चालेल का. कोकणातल्या जुन्या घरांच्या माड्या लाकडी असतात. वर कुणी उड्या मारल्या की खालच्याच्या पानात धूळ पडते. जांभ्याच्या घराच्या पडवीत मात्र आवाज विरून जातो आणि वाराही येतो. सारवलेल्या अंगणात चटई टाकायची असेल तर खाली ताडपत्री हवीच. घरमालकिणीने सकाळी सारवलेलं तुमच्या प्लायने खरवडलं तर दुसऱ्या दिवशी घावण्यांबरोबर चटणी मिळेलच याची खात्री नाही. दुपारी दोन ते चार खेळू नका, त्या वेळी अख्खा गाव आडवा झालेला असतो.

आता रस्ता. मंगळवारी निघा. मॉलमध्ये शनिवार-रविवारी मशीनपुढे रांग असते, आणि रांगेत मागे माणसं उभी असताना आठ वर्षांचं पोर घाबरतं. मंगळवारी निघालात तर दोन्ही टोकांची मशीनं आठवड्याच्या मधल्या दिवशी येतात.

पहिल्या दिवशी मॉल उघडतो तेव्हाच वाशीला किंवा सीवूड्सला हजर राहा. आदल्या दिवशी फोन करून मशीन चालू आहे का एवढंच नाही, तर दोन्ही बाजू चालू आहेत का हे विचारा. सकाळी पहिल्या तासाला गेम झोनमध्ये कामाला असलेली मुलं मोकळी असतात, आणि एखादं पॅनेल अडलेलं असेल तर ॲलन की घेऊन उघडून साफ करून देतात. संध्याकाळी हेच काम सांगितलंत तर 'बघतो' म्हणतील आणि बघणार नाहीत. गेम झोनचं कार्ड टेकवण्याआधी दोन मिनिटं दुसऱ्याचा खेळ बघत उभं राहा. कुठलं पॅनेल दाबल्यावर उजळत नाही, कुठलं हलतंय, कुठला स्क्रू वर आलाय, सगळं दिसतं. बहुतेक यंत्रांत सेन्सर पॅनेलच्या कडांखाली असतात, मधोमध नाही. म्हणून अडेल पॅनेलवर मधे जोरात आपटण्यापेक्षा पाय कडेच्या बाजूला टाकला तर बऱ्याचदा काम होतं. मुलं उलट करतात, चालत नाही म्हणून आणखी जोरात आपटतात. त्याने पॅनेल सुधारत नाही आणि टाच दुखते.

मुलाचं वजन कमी असल्यामुळे काही पॅनेल त्याच्या पायाला दाद देणार नाहीत. त्याला सगळ्यात खालच्या पातळीची गाणी द्या, मागची दांडी धरू द्या आणि पूर्ण तळवा टेकवायला सांगा. दांडी धरणं म्हणजे फसवणूक नव्हे. पट्टीचे कितीतरी खेळाडूही अवघड गाण्यांना दांडी धरून खेळतात.

लेकीसाठी सांगायचं ते बाणांच्या वेगाबद्दल. मुलांना वाटतं बाण हळू आले की सोपं. खरं उलट असतं. वेग कमी ठेवला की बाण एकमेकांना चिकटून येतात आणि कुठला आधी, कुठला नंतर हे वाचता येत नाही. वेग वाढवला की बाणांमधलं अंतर वाढतं, गाणं तेवढंच राहतं. गाण्याचे मिनिटाचे ठोके गुणिले निवडलेला वेग, हा आकडा डोळ्यांना सोसेल असा ठेवायचा. १४० ठोक्यांच्या गाण्याला तिप्पट वेग घेतला तर ४२०. तिला चारशेच्या आसपास छान वाचता येत असेल तर २०० ठोक्यांच्या गाण्याला दुप्पट पुरे. हा हिशेब तिला चटईवरच बसवून द्या, म्हणजे मशीनपुढे क्रेडिट (एका डावाचे पैसे) जळत असताना प्रयोग करत बसायला नको. आणि पहिलं गाणं नेहमी हातचं घ्यायचं, नेहमीच्या पातळीपेक्षा दोन पायऱ्या खालचं. एका क्रेडिटला साधारण दोन-तीन गाणी मिळतात. पहिल्यातच आपटलात तर पुढची हुकू शकतात.

या दिवशी मिस्टरांनी खेळायचं असेल तर सगळ्यात आधी, दोन गाणी, हलकी. ही चेष्टा नाही. तासभर उड्या मारल्यावर पोटरी जड होते आणि पळस्पे फाट्यापासून पेण-वडखळपर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये क्लच दाबताना तिच्यात गोळा आला तर पंचाईत. तुमची गाडी ऑटोमॅटिक असेल तर भीती कमी, पण ब्रेकवरचा पायही नाचलेलाच असतो. खेळ आणि गाडी यांत निदान तासाभराचं अंतर ठेवा, मधे जेवा. घाट असेल त्या दिवशी चालकाने खेळूच नये. हा एक नियम मी घरच्यांना मोडू देत नाही. मुक्काम नागाव किंवा आक्षीला करा, लांब जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी रेवदंडा, काशीद, मुरुड करत आगरदांड्याला जेट्टी पकडून दिघीला उतरा आणि दिवेआगरला मुक्काम. तिसऱ्या दिवशी श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडल्याहून जेट्टीने वेशवी, मग केळशी-आंजर्ले करत दापोलीजवळच्या मुरुडला. मुरुड दोन आहेत, जंजिऱ्याचं रायगडात आणि हे महर्षी कर्व्यांचं दापोली तालुक्यात. ऑनलाइन बुकिंगमध्ये लोक हमखास फसतात, तेव्हा तालुका बघून पैसे भरा. चौथ्या दिवशी दाभोळहून जेट्टीने धोपावे आणि गुहागर.

जेट्टीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. शेवटची फेरी चुकली तर दाभोळहून गुहागरला दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा आहे, आणि बागमांडल्याची चुकली तर बाणकोटच्या खाडीला आंबेत-म्हाप्रळकडून फिरावं लागतं. मुलं 'आणखी एक गाणं, आणखी एक' करत सकाळी चटईवर असतात तेव्हा हाच वळसा तुमच्या डोळ्यांपुढे हवा. म्हणून चटई संध्याकाळीच उघडायची, सकाळी नाही. फेरीबोटीवर गाडीतून खाली उतरून कठड्याला धरून पोटऱ्या ताणून घ्या, सगळ्यांनीच. दहा-पंधरा मिनिटं तेवढ्यालाच असतात.

गुहागरला दोन रात्री राहा. माझा तालुका म्हणून सांगतोय असं समजलात तरी चालेल, पण सहलीच्या मध्यावर पायांना एक पूर्ण दिवस सुट्टी लागते, आणि त्यासाठी गुहागरसारखा लांब, सरळ आणि फारसा गजबजाट नसलेला किनारा मिळणं कठीण. या दिवशी चटई उघडूच नका. ओहोटीला ओली, घट्ट वाळू उघडी पडते, तीवर काठीने पाच चौकोन आखा आणि एकाने बाण ओरडायचे, दुसऱ्याने पावलं टाकायची. एक पाय दुसऱ्याच्या पुढून नेऊन टाकायची जी अडचणीची पावलं असतात ती अनवाणी पायाने वाळूत फार चांगली बसतात. पंधरा मिनिटं बस्स. वाळूत पोटरीला जास्त काम पडतं, त्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी मिळतो.

चटई मात्र किनाऱ्यावर नेऊ नका, कितीही मोह झाला तरी. आत शिरलेले वाळूचे दोन-चार कण बटणाच्या दोन थरांमध्ये अडकतात आणि बाण दाबलेलाच राहतो. मग पडद्यावर भूत नाचतंय असं दिसतं.

सुट्टीच्या दिवसाची संध्याकाळ मी वेगळ्या कामाला लावतो, आणि तुमच्या लेकीला मशीनपेक्षा याची गोडी जास्त लागेल असा माझा कयास आहे. स्टेपमेनियात स्वतःच्या गाण्याला स्वतः पावलं बसवता येतात. घरातल्या लग्नात वाजलेलं एखादं कोळीगीत घ्या. आधी मिनिटाचे ठोके मोजायचे. पंधरा सेकंदांत टाळ्या किती पडल्या ते मोजून चारने गुणायचं. हे काम सासूबाईंना द्या, भजनाला टाळ धरलेला हात असेल तर त्यांच्याइतकं अचूक कुणी मोजणार नाही. मग गाण्याचा पहिला ठोका कितव्या सेकंदाला पडतो ते भरायचं आणि पावलं मांडायला लागायचं. इथे एक अडचण हमखास येते. बऱ्याच कोळीगीतांची चाल झुलती असते, एका ठोक्याचे तीन भाग पडतात. नेहमीच्या पद्धतीने ठोक्याचे दोन किंवा चार भाग करून बाण टाकले की ते गाण्यावर बसतच नाहीत, सगळं लंगडतं. एडिटरमध्ये बाराव्या भागाचं माप (चार ठोक्यांचे बारा भाग) निवडा, म्हणजे ठोक्याला तीन जागा मिळतात आणि झोका पायात उतरतो. सुरुवातीला फक्त मुख्य ठोक्यांवर बाण ठेवा, मग धाकट्या मुलालाही खेळता येईल असं एक सोपं रूप आणि लेकीसाठी एक अवघड, अशी दोन रूपं करा. झाल्यावर एफ-८ दाबलं की संगणक स्वतः खेळून दाखवतो. चूक कुठे आहे ते लगेच दिसतं. बाण मांडणाऱ्याला गाणं ऐकायला शिकावंच लागतं, आणि या खेळात तेच कमी पडतं. पोरं बाणांकडे बघून पाय टाकतात आणि गाणं कुणीच ऐकत नाही. आमच्याकडे गणपतीत जाखडी नाचणारे पायात चाळ बांधून रिंगणात फिरतात, त्यांची नजर पायांकडे नसते, कान मृदुंगाकडे असतो. मशीनवर चांगला खेळणारा मी पाहिलाय तो असाच, बाण नुसते पुढचं काय हे कळायला बघतो, पाऊल टाकतो ते कानाने.

सासूबाईंबद्दल तुम्ही वेगळं विचारलं होतंत. गुडघे धड असतील आणि डॉक्टरांची ना नसेल तर सगळ्यात खालच्या पातळीचं संथ गाणं दांडी धरून जरूर खेळू द्या, उड्यांची पावलं असलेलं गाणं नको. चटईला दांडी नसते, म्हणून तिथे त्यांना उभं करू नका. त्यापेक्षा लॅपटॉपच्या बाणांच्या चार किल्ल्यांवर बोटांनी खेळू द्या. बसून खेळता येतं, आणि नातवाला हरवण्याची शक्यताही बरीच असते. 'असल्या खेळाने काय होणार' असं त्या म्हणाल्याच तर सांगा, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ मध्ये मुलांच्या व्यायामासाठी हाच खेळ सरकारी शाळांत आणायचं ठरवलं होतं.

सहाव्या दिवशी, रविवारी, तवसाळहून जयगड, मालगुंड, गणपतीपुळे आणि रत्नागिरीला मुक्काम. गणपतीपुळ्याला रविवारी दर्शनाची रांग मोठी असते, तेव्हा तवसाळची लवकरची फेरी गाठा. सातव्या दिवशी मालवण. या दोन दिवसांत चटई अर्ध्या तासाच्या वर नको, कारण पुढे मशीनचा दिवस आहे. मालवणला पोहोचल्यावर सुरमईची थाळी, सोलकढी, जे काय असेल ते मनसोक्त खा. खेळून झाल्यावर खायचं, खाऊन झाल्यावर खेळायचं नाही, एवढं पाळलं की पुरे. उलट क्रमाने काय होतं ते गेम झोनमध्ये फडकं घेऊन फिरणाऱ्या मुलांना विचारा. खेळताना मधे मधे कोकम सरबत घ्या, मीठ घातलेलं. नोव्हेंबरातही किनाऱ्याची हवा दमट असते, घाम येतो पण वाळत नाही, आणि पोरांना तहान लागल्याचं उशिरा कळतं.

बुटांचं विसरेन म्हणून इथेच सांगतो. कोकणात सगळे फ्लोटर घालून येतात. मशीनवर ते चालत नाहीत, घोटा मोकळा राहतो आणि पट्टा पॅनेलच्या कडेला अडकतो. सपाट तळव्याचे हलके कॅनव्हासचे बूट प्रत्येकी एक जोड वेगळ्या पिशवीत ठेवा आणि ते घालून किनाऱ्यावर अजिबात जाऊ नका. बुटातून पडलेली वाळू पॅनेलच्या फटीत गेली की पुढच्या माणसाचा खेळ जातो आणि माझ्यासारख्याला स्क्रूड्रायव्हर घेऊन गुडघ्यांवर बसावं लागतं. चटईवर मोजे घालून खेळा, घामेजलेला तळवा रेक्झिनला चिकटतो.

आठव्या दिवशी मालवणहून कुडाळ, सावंतवाडी, बांदा, पत्रादेवी करत पर्वरीला तीन-साडेतीन तासांत पोहोचता. मॉल द गोवा हमरस्त्यालाच आहे. इथेही आदल्या दिवशी फोन करूनच जा. यंत्रं एका शहरातून दुसऱ्या शहरात हलवली जातात, कधी भागासाठी महिनाभर बंद पडलेली असतात, आणि जुन्या व्हिडिओत दिसलेलं मशीन आज तिथे असेलच असं नाही. तिथे नसेल तर पणजी-म्हापशाच्या परिसरात आणखी कुठे आहे हे तिथल्याच मुलांना विचारा, गेम झोनवाल्यांना एकमेकांची यंत्रं माहीत असतात.

या दिवशी लेकीला मोकळं सोडा, पण अर्धा तास खेळ, अर्धा तास विश्रांती असं. तिची विश्रांती म्हणजे भावाची पाळी, म्हणजे भांडणही मिटतं. आठवडाभर चटईवर जे बसवलं त्यातली दोन-तीन गाणी तिथे असतील तर तीच आधी घ्यायला सांगा. चटईवरचा सराव मशीनवर जसाच्या तसा उतरत नाही हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या गाण्याला तोंड पडेल. मऊ चटईवर पाय वर उचलून टाकायची सवय लागते. मशीनच्या कडक पॅनेलवर पाय जमिनीलगत घसटत नेता येतो, आणि नेलाच पाहिजे, नाहीतर दम लवकर तुटतो. दोन क्रेडिटं या जुळवाजुळवीत जाणार, ती गेली असं समजूनच कार्ड भरा. भाऊ-बहीण दोन्ही बाजूंना उभे राहून वेगवेगळ्या पातळीवर एकच गाणं खेळू शकतात. लेकीच्या तीन-चार तासांत मला सगळ्यात बघण्यासारखं तेच वाटतं.

त्या रात्री गोव्यातच राहा. नवव्या दिवशी सकाळी कुणीही मशीनकडे फिरकायचं नाही, आंबोली घाट चढायचा आहे. सावंतवाडी, आंबोली करत कोल्हापूरला मुक्काम, आणि दहाव्या दिवशी पुण्यावरून ठाणे. पुण्यात मॉल आहेत, मशीनही मिळेल, आणि लेक विचारणार हे नक्की. तोवर तिच्या पायाच्या नखांकडे आणि टाचांकडे एकदा बघून घ्या. फोड आले असतील तर सरळ नाही म्हणा. आले नसतील आणि मिस्टरांना एक्स्प्रेसवेच्या आधी तासभर पाय मोकळे करायचेच असतील, तर थांबायला हरकत नाही. मात्र ते खेळणार नाहीत, कॉफी पिणार.

घरी पोहोचल्यावर चटई गुंडाळलेलीच माळ्यावर टाकू नका. ओल्या फडक्याने दोन्ही बाजू पुसून, यूएसबीची पिन कोरड्या कापडाने घासून, दोन दिवस पंख्याखाली पसरून ठेवा आणि मगच गुंडाळा. प्लायच्या बिजागऱ्यांना खोबरेल तेलाचं बोट लावा.